मरियामाउलीची पालखी, बायांच्या खांद्यावर

मित्रांनो, मुखेडजवळच्या एका खेड्यातल्या चर्चमधली म्हातारी पालखी बोलतेय! चाळीस वर्षं गप्प होते, पण यंदा आठ सप्टेंबरला असं काही घडलं की आता मला राहवत नाही.

माझा जन्म महेबूब मिस्त्रींच्या हातचा. सागवानाचे दोन लांब दांडे, मधे चौरंग, वर चार खांबांचं छत. मरियामाउलीच्या जन्मोत्सवाला तिची मूर्ती माझ्यात बसवतात, चर्चपासून वेशीपर्यंत नेतात आणि परत आणतात. त्या दिवशी माझा थाट काय विचारता! झेंडूच्या माळा, पुढे बँड, मागे गाणी. बाकी वर्षभर मात्र मी सतरंज्यांच्या ढिगाआड, अंगावर जळमटं घेऊन. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मला पुसायच्या बाया, सजवायच्या बाया. उचलायचे मात्र आठ गडी. असंच चालत आलं होतं.

जूनमध्ये मरिया महिला मंडळाची बैठक माझ्या शेजारीच भरली. हे मंडळ साधंसुधं नव्हे बरं का! पंधरा वर्षांच्या पोरीचं लग्न ठरवणाऱ्या घरात जाऊन ठाण मांडणारं, घराच्या उताऱ्यावर बाईचंही नाव चढवून घेणारं. अध्यक्षा गौरम्मा उठून म्हणाल्या, "मरिया बाईच होती का न्हाई? मग तिला बायांनी उचललं तर काय बिघडलं?"

अहाहा! माझे दांडे शहारले.

पालखीचे कारभारी गुंडप्पा. त्यांची बायको कोंडाबाई आणि सून दीपमाला दोघीही मंडळात. गुंडप्पा फादरांसमोर म्हणाले, "उचला की! पण वेशीपर्यंत जाऊन परत येईस्तोवर पालखी एकदा जरी भुईला टेकली, तर हा विषय पुन्हा काढायचा न्हाई. कधीच न्हाई."

"कबूल!" गौरम्मा म्हणाल्या.

आता गंमत ऐका. गडी मला दरवर्षी वेशीत खाली ठेवत, पाणी पीत, तंबाखू मळत. पण त्याला कुणी टेकवणं म्हणत नसे, विसावा म्हणत! बायांनी ते बोलूनसुद्धा दाखवलं नाही. पदर खोचला आणि तालीम सुरू केली.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. मूर्तीच्या जागी सोयाबीनचं पोतं ठेवलं आणि बाया उभ्या राहिल्या त्या मानाप्रमाणे! सासवा पुढे, सुना मागे. सासवा ठेंगण्या, सुना उंच. चार पावलं टाकली नाहीत तोच मी पुढे कलले आणि पोतं धाडकन कोंडाबाईंच्या पायाशी.

दीपमाला चाचरत म्हणाली, "आत्याबाई, रागावू नका. उंच बाया निम्म्या पुढं, निम्म्या मागं पाहिजेत. मला तुमच्या पुढं यावं लागतंय."

सून सासूच्या पुढे! सगळ्यांच्या नजरा कोंडाबाईंकडे वळल्या.

"मग ये की लवकर," कोंडाबाई म्हणाल्या. "माझ्यापायी माउलीला पाडतीस का?" आणि त्यांनी घागरीखालची चुंबळ आणून स्वतःच्या खांद्यावर ठेवली. जाड चुंबळीनं त्यांची उंची भरून निघाली. मग काय, सगळ्याच ठेंगण्या बायांनी चुंबळी आणल्या. तीन महिने तालीम चालली. इतकी माणसं रोज माझ्याजवळ! मी तर हरखून गेले होते.

आणि तो दिवस उजाडला. आठ बायांनी मला उचललं. अख्खं गाव रस्त्यावर आलं. गुंडप्पा माझ्या बाजूनंच चालत होते, डोळे माझ्या दांड्यावर. वेस आली. बाया थांबल्या नाहीत, तिथूनच वळल्या. पण वळताना फुटक्या नालीच्या काठावर कोंडाबाईंचा पाय सरकला. मी कलले! मूर्ती डुगडुगली! गुंडप्पांचे दोन्ही हात झेपावले.

"हात काढा!" कोंडाबाई कडाडल्या. "अट तुमचीच हाय."

गुंडप्पांनी हात मागे घेतले. पुढून दीपमाला ओरडली, "मी तोलून धरलंय, आत्याबाई! सावकाश पाय काढा." कोंडाबाईंनी दात-ओठ आवळून पाय काढला आणि मी पुन्हा सरळ झाले. जिवात जीव आला बाबांनो!

चर्चचं दार आलं तेव्हा बाया घामानं निथळत होत्या. फादर म्हणाले, "झालं, आता ठेवा खाली."

"थांबा, फादर!" गौरम्मा हसत म्हणाल्या. "आजून एक फेरी!"

मग गुंडप्पाच बँडवाल्यांकडे वळून ओरडले, "आरं, बघता काय? वाजवा की!"

मित्रांनो, चाळीस वर्षांत मी एकाच दिवशी दोनदा कधी मिरवले नव्हते. माझ्या दांड्यांना तेल लावत जा, वाळवीपासून मला जपा, मला अजून खूप फिरायचंय. आणि उद्या एखादी मुलगी "हे मी करते" म्हणाली, तर तिला अट घालू नका. बाजूला सरा आणि जागा द्या.