कुणीही न पेरलेली फुलं

नेदर पॅडल गावच्या जून महिन्यातल्या प्रदर्शनात गुलाबवाल्यांवर कुणी संशय घेत नाही. गुलाब बागेतलाच असणार. संशयाचं खरं पीक येतं ते 'रानफुलांची फुलदाणी' या स्पर्धेत. फुलं गावच्या हद्दीतली हवीत आणि कुणीही पेरलेली नकोत, एवढाच नियम. निवृत्त शाळामास्तर अँब्रोज टिल्कॉट ही स्पर्धा वर्षानुवर्षं जिंकत आले होते. यंदा जिंकले की चांदीचा कप कायमचा त्यांचा होणार होता. म्हणूनच रोज सकाळी खिडकीत उभं राहून त्यांना हेस्टर प्लम्लीवर लक्ष ठेवावं लागत होतं.

हेस्टरबाई समोरच राहायच्या. आभाळ स्वच्छ असताना रेनकोट घालून गल्लीत फिरायला जायच्या, आणि एक हात कायम खिशात.

"त्या खिशात काहीतरी आहे," टिल्कॉट म्हणाले.

"हात आहे," टोस्टला लोणी लावत त्यांची बायको एडना म्हणाली. "तुझा चहा गार होतोय."

"यंदा ती स्पर्धेत उतरणार बघ."

"आजवर कधी उतरलीय का?"

"म्हणूनच!"

चहा तसाच टाकून ते निघाले. गळ्यात दुर्बीण होती, कुणी विचारलंच तर पक्षी बघायला. वळणावरच्या काटेरी कुंपणाआड ते दबा धरून बसले. हेस्टरबाई आल्या, इकडेतिकडे पाहिलं, खिशातून चिमूटभर काहीतरी काढलं आणि बांधावर भिरकावलं.

"सापडलात!" टिल्कॉट उसळून उठले. स्वेटर मात्र कुंपणातच अडकला.

"सापडलेले तर तुम्हीच दिसता. थांबा, हलू नका, लोकर उसवेल."

"खिशात काय आहे?"

"बी. पांढऱ्या फॉक्सग्लव्हच्या फुलांचं. माझ्या बागेतलं."

"रानात बागेतलं बी? मी समितीला सांगणार आहे!"

"सांगा की. किती वर्षं टाकतेय तेही सांगा. या वळणावर टाकते, ओढ्याकाठी टाकते, चर्चच्या मागच्या भिंतीपाशी टाकते…"

टिल्कॉटांचा चेहरा उतरत गेला. फुलं तोडायच्या या जागा त्यांनी एडनालाही कधी सांगितल्या नव्हत्या.

"पण का?"

"माझी बाग लहान आहे हो. आणि दर वर्षी प्रदर्शनाच्या हॉलमध्ये येऊन बघते ना मी ती फुलं. तुम्ही छान लावता हं. देठ तेवढे जरा आखूड कापता."

समितीला काही सांगायची सोय उरली नाही. स्पर्धेतून माघार घ्यावी, तर अख्ख्या गावाला संशय येणार. मग टिल्कॉट बांधाबांधावर असं काहीतरी शोधत हिंडले, जे शुद्धीवरचा कुणीही माणूस पेरणार नाही.

शनिवारी हॉलमध्ये त्यांच्या फुलदाणीत होतं अंगाला लागताच आग करणारं नेटलचं तण, आणि शोभेला कपड्यांना चिकटणारं गूसग्रास. परीक्षक मिस पिंकनी बराच वेळ वाकून बघत राहिल्या.

"काय तजेला आहे! पानाला एक छिद्र नाही." मग त्यांनी आवाज खाली आणला. "मिस्टर टिल्कॉट, खरं सांगा. खत कसलं घालता?"

टिल्कॉटांनी आपले सुजलेले, लालबुंद हात पुढे केले.

"बागकाम हातमोजे घालून करायचं असतं," मिस पिंकनी म्हणाल्या, आणि कप उचलून पलीकडच्या टेबलाकडे गेल्या.