रुमालाचं दुसरं टोक

सूतगिरणीच्या मागच्या मैदानावर आम्ही मुली पळायचो, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि ताई एकवीसची. दोघी एकाच खात्यात बॉबिन भरायचो. पाळी सुटली की यंत्रांची घरघर कानात घेऊनच मैदानात उतरायचं. शिकवणारा माणूस खरा तर गिरणीचा टाइमकीपर, पण गळ्यात शिट्टी पडली की आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो.

मास्तरांची एक पद्धत होती. लांब पल्ल्याच्या सरावात ते मुलींच्या जोड्या लावायचे आणि प्रत्येक जोडीच्या हातात एक रुमाल द्यायचे. एकीनं एक टोक धरायचं, दुसरीनं दुसरं. रुमाल ताणला गेला की समजायचं, मागची अंग चोरतेय. मग पुढचीनं तिथल्या तिथे ओरडायचं. माझी जोडी ताईशी होती. खाणंही सगळ्यांना सारखंच: उपाहारगृहात एक पेला दूध आणि घरी न्यायला दोन उकडलेली अंडी.

बारा आठवडे आम्ही पळलो. पहिल्या आठवड्यात दोघींनाही सारखीच धाप लागायची. पुढे माझी धाप गेली, मी पळता पळता गप्पा मारू लागले. ताईची मात्र गेली नाही. "बारके, तू बोल, मी ऐकते," एवढंच ती कशीबशी म्हणायची. पण रुमाल एकदाही ताणला गेला नाही. पूर्ण पल्लाभर तो आमच्यामध्ये सैल लोंबत असायचा.

शेवटी गिरण्यांच्या स्पर्धेसाठी संघ निवडायला मास्तरांनी एकेकीला एकटीनं पळवून वेळ मोजली. माझी वेळ इतकी उतरली होती की मास्तरांनी घड्याळ कानाला लावून बघितलं. ताईची जवळजवळ होती तिथंच होती. संध्याकाळी त्यांनी आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. टेबलावर संघाची यादी होती, त्यात माझं नाव होतं.

"एकच सराव, एकच खाणं, एकाच आईच्या पोरी," मास्तर ताईला म्हणाले. "मग हिचं झालं ते तुझं का नाही? अंडी कुणाला देत होतीस? का नुसती हिच्या ओढीवर चालत होतीस?"

"मीच खाल्ली, मास्तर. आणि पळलेही."

मास्तर माझ्याकडे वळले. "तू सांग. दुसरं टोक तुझ्या हातात होतं."

मी बुटांच्या नाड्यांकडे बघत राहिले. उलट बोलले तर नाव खोडतील, ही एकच भीती डोक्यात होती. आणि खरं सांगायचं तर मनात एक किडा वळवळलाच: खरंच, माझं झालं मग हिचं का नाही?

ताईनं रुमालाची घडी घालून तो टेबलावर ठेवला आणि निघून गेली. खात्यात महिनाभर तिला 'अंगचोर' म्हणत. स्पर्धेच्या दिवशी ती माझ्या चपला हातात घेऊन कडेला उभी होती. माझा तिसरा नंबर आला. ताई पुन्हा कधी पळली नाही. त्या संध्याकाळचा विषयही आम्ही कधी काढला नाही.

आता आम्ही दोघी एकत्रच राहतो. दोघींचेही नवरे गेले, गुडघे तेवढे कुरकुर करत मागे राहिले. गेल्या वर्षी डॉक्टरांनी आम्हाला व्यायाम शिकवणाऱ्या एका मुलीकडे धाडलं. तिनं दोघींना सारखाच रबरी पट्टा दिला, सारखेच व्यायाम नि खाण्याचा सारखाच तक्ता. आम्ही रोज सकाळी समोरासमोर खुर्च्या मांडून ते करायचो. तीन महिन्यांनी ताई हाताचा आधार न घेता खुर्चीतून ताडकन उठली. मी मात्र होते तिथंच.

मुलीनं कागद बघितला, मग माझ्याकडे. "आजी, घरी करता ना नक्की? खरं सांगा हं, मी रागावणार नाही."

माझी कानशिलं तापली.

"करते ती," ताई म्हणाली. "रोज करते. माझ्यापेक्षा दोन जास्तच. मी समोर बसलेली असते."

मुलगी ओशाळली. "सॉरी आजी, मी असं विचारायला नको होतं. एकाच व्यायामानं कुणाचे स्नायू पटकन भरतात, कुणाचे हलत नाहीत. जन्मतःची ठेवण असते, झोप असते, खाल्लेलं अंगी लागणंही प्रत्येकाचं वेगळं. सख्ख्या बहिणींतही फरक पडतो. तुमच्यासाठी आपण दुसरं काहीतरी करून बघू."

घरी आल्यावर ताईनं चहा टाकला. मी ओट्याला टेकून उभी राहिले.

"ताई, रुमाल कधीच ताणला गेला नव्हता."

तिनं गॅस बारीक केला. मागं वळली नाही.

"माहीत आहे मला. दुसऱ्या टोकाला मीच होते ना."

"मी सांगायला हवं होतं ग."

"हवंच होतं." तिनं उकळत्या चहात साखर टाकली. मग ती म्हणाली, "तुझी चाल वाढली की माझा जीव जायचा, बारके. तरी म्हटलं, ताणू द्यायचा नाही. माझ्यापायी तुला ओरडायची वेळ यायला नको."

चहा झाल्यावर तिनं माझ्यासमोर खुर्ची मांडली आणि पट्ट्याचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"चल. दुसरं मी धरते."