श्वासाची चाचणी

बाबा धडधाकट होते त्या शेवटच्या दिवशी त्यांनी पुस्तकातल्या श्वसनाच्या प्रकरणावरून लेकीशी सकाळीच हुज्जत घातली. वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाला शरीरक्रियाशास्त्र शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. निवृत्त झाले तरी त्यांच्या पाठ्यपुस्तकाच्या आवृत्त्या काही थांबत नव्हत्या, आणि मुद्रितं तपासायला घरचंच हक्काचं माणूस होतं.

"'श्वास आपोआप चालतो.' आपोआप म्हणजे कसा?" तिने पेन्सिल टेबलावर आपटली. "पोरांना वाटेल जादूच आहे."

"पुढच्या पानावर सांगितलंय."

"पुढच्या पानापर्यंत पोरं जागी राहतात?"

"माझ्या तासाला राहायची."

"खडू फेकून मारायचात म्हणून."

बाबा चष्मा पुसत हसले. "मला सांभाळायला आली म्हणे. आल्यापासून रक्त आटवतेय नुसतं."

हा त्यांचा ठेवणीतला टोमणा. घटस्फोटानंतर ती इथे राहायला आली, तेव्हा तिने सगळ्यांना एकच सांगितलं होतं: बाबांचं वय झालंय, कोणीतरी जवळ हवं. आत्याने चारचौघांत तिचे गोडवे गायले. बाबांनी मान डोलावली आणि मागची खोली रिकामी करून दिली. त्या विषयावर पुन्हा कोणी बोललं नाही.

संध्याकाळी त्यांनी सुधारलेलं वाक्य तिच्यापुढे सरकवलं. रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूच्या देठातलं केंद्र छातीच्या स्नायूंना कामाला लावतं, असं काहीसं. "झालं समाधान?" त्यांनी विचारलं. "चालेल," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढंच निघालं म्हणजे शाबासकीच, हे त्यांना ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते न्हाणीघरात कोसळले. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

अतिदक्षता विभागात आत्या, बाबांची धाकटी बहीण, पलंगाच्या कठड्याला धरून उभी होती. "बघ, दादाची छाती कशी वरखाली होतेय! आणि हे डॉक्टर उगाच तोंडं पाडून फिरतात."

"ते मशीन करतंय, आत्या."

"मशीन करेना का. श्वास त्याचा आहे ना?"

सरळ उत्तर तिला येत होतं. पण आत्याचं खरं निघावं म्हणून तिचाही जीव टांगणीला लागला होता.

तिथली मोठी डॉक्टर बाबांचीच जुनी विद्यार्थिनी. सोबत दुसऱ्या एका डॉक्टरांना घेऊन तिने तपासणी सुरू केली. डोळ्यांत प्रकाश टाकला, बाहुल्या आक्रसल्या नाहीत. श्वासनळीत खोलवर बारीक नळी सरकवली. एरवी माणूस डोळ्यांतून पाणी येईस्तोवर खोकला असता. बाबा निवांत पडून होते.

"ताई, आता एकच राहिलं," डॉक्टर म्हणाली. "मशीन थोडा वेळ काढायचं. ऑक्सिजन नळीतून देत राहू, त्याची काळजी नको. पण कार्बन डायऑक्साइड साचत जाईल. मेंदूच्या देठात जरा जरी धुगधुगी असली, तर छाती उचलणारच."

"आणि नाही उचलली तर?"

"तर सर गेलेत. हे मला त्यांनीच शिकवलंय. पहिल्याच तासाला सगळ्या वर्गाला श्वास रोखून बसवलं होतं. मी सगळ्यांत शेवटी सोडला. वाटलं, पाठ थोपटतील. तर म्हणाले, 'बाई, तूसुद्धा हरलीसच की. देठ जिंकला.'"

दोघींनाही हसू आलं, आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं.

आत्याला बाहेर बसवलं. नळी सुटली आणि मशीनचा एकसुरी सुस्कारा थांबला. बाबांची छाती उघडी केली होती. पांढरे केस, बरगड्यांमधले खळगे, आणि ऑपरेशनचा एक जुना व्रण. तो तिने याआधी कधी पाहिलाच नव्हता. डोळ्यांत तेल घालून ती बघत राहिली. त्या म्हाताऱ्या छातीने हरावं, स्वतःच्या मर्जीविरुद्ध हवा ओढून घ्यावी, एवढंच तिला हवं होतं. मध्येच डाव्या बाजूची कातडी थरथरली.

"हललं!" ती जवळजवळ ओरडली.

डॉक्टरने मान हलवली. "ते हृदय आहे, ताई. त्याला देठ लागत नाही. ऑक्सिजन मिळतोय तोवर ते आपल्याच तालावर चालतं."

ते चालत राहिलं. छाती मात्र जागची हलली नाही. रक्ताचा नमुना घेतला, मशीन पुन्हा जोडलं, आणि मघाची ती निश्चल छाती पुन्हा शहाण्यासारखी वरखाली होऊ लागली. आता त्या छातीकडे तिला बघवेना. थोड्या वेळाने नमुन्याचा निकाल आला. कार्बन डायऑक्साइड हवा तेवढा, किंबहुना जास्तच चढला होता. डॉक्टरने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बाकीचं मी बघते. तुम्ही सांगाल तेव्हा बंद करू."

आत्या आत आली. काय झालं ते तिला सांगावं लागलं नाही. तिने बाबांच्या पायावरची चादर उगाचच नीट केली.

"बोल त्याच्याशी काहीतरी."

"ऐकू येत नाही, आत्या. सगळंच गेलंय. श्वाससुद्धा—"

"त्याला ऐकू येतं का, असं विचारलंय का मी तुला? सगळं आयुष्य तुम्ही दोघांनी एकमेकांच्या चुका काढण्यात घालवलंत. बोल म्हणते तर बोल. मी बाहेर आहे."

आत्या गेली. तिने खुर्ची पलंगाजवळ ओढली. बाबांचा हात उबदार होता. का उबदार आहे, हेही तिला कळत होतं. तिने घसा खाकरला.

"बाबा," ती म्हणाली, आणि आपलाच आवाज तिला मोठा वाटला. "मी तुम्हाला सांभाळायला नव्हते आले. खोटं सांगितलं सगळ्यांना. मला तिकडे एकटीला झोप यायची नाही. इथे भिंतीपलीकडे तुम्ही खोकलात, की लागायची."