खणातली बुटकी, खिडकीवरची वेल

आत्याला या सौद्यात मिळणार होता मातीचा एक पट्टा. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, लांबीला जेमतेम खाटेएवढा. पण घराभोवती दिवसभर ऊन खाणारी जागा तेवढी एकच, आणि तिच्यावर दोघांचा डोळा. आत्याला तिथे फरसबी लावायची होती, भाच्याला फरशी घालून स्कूटर उभी करायची होती. भाचा बस चालवायचा. दिवसभर जगाला जागेवर पोचवायचं आणि स्वतःच्या स्कूटरला मात्र जागा नाही, हे त्याला सलत होतं.

"फरशीवाला दोन महिन्यांनी मोकळा होतोय," तो म्हणाला. "तो दारात यायच्या आत सगळ्यांना पोटभर होईल एवढी शेंग एका वेळेला काढून दाखव. पट्टा तुझा. पण तोडायची तू स्वतः."

"आणि नाही जमलं तर?"

"तर फरशीवर एखादी कुंडी ठेव की. मी काय नाही म्हणतो?"

मनाचा मोठेपणा असा स्वस्तात दाखवायची त्याला सवय होती. आत्याचा गुडघा नुकताच बदललेला, खाली बसणं बंद, वाकणं डॉक्टरांच्या मर्जीवर. हे सगळं गृहीत धरूनच त्याने पैज मांडली होती.

बियाण्यांच्या दुकानात आत्या भाचेसुनेला घेऊन गेली आणि पाकिटं बघून हरखली. बारीक गोल शेंगेची, चपट्या शेंगेची, पिवळी, जांभळी. कुठल्या पाकिटाला आधी हात घालावा ते कळेना.

"वेलीची घ्या," दुकानदार म्हणाला. "काठ्यांवर चढते, उभ्या उभ्या तोडता येते. आणि तोडत राहिलात तर पुढे कितीतरी दिवस देत राहते."

"पहिली शेंग कधी?"

"दोन महिने धरा, वर थोडे दिवस."

"आणि ही बुटकी, झुडपाची?"

"ती बरीच आधी. सगळी एकदम येते, एकदम आटपते. पण वाकावं लागतं, आजी."

वाकण्यापेक्षा 'आजी' जास्त झोंबलं.

"म्हणजे वेळेत येणारी वाकवणार, आणि न वाकवणारी वेळेत नाही येणार," भाचेसून म्हणाली. "आत्याबाई, तुमच्या भाच्यानं तुम्हाला बरोबर खिंडीत गाठलंय."

"लहानपणी पत्ते खेळतानाही लबाडी करायचा," आत्या म्हणाली आणि दोन पाकिटं उचलली. बुटकी बारीक शेंगेची आणि वेलीची जांभळी. जांभळी अशासाठी, की ती शेंग पानांत लपत नाही. एक डोळा कमजोर असला की माणूस असा विचार करतो.

आत्याने उभा जन्म घड्याळं दुरुस्त केली. घड्याळासाठी ती कधी वाकली नाही, घड्याळच तिच्या कोपराच्या उंचीला यायचं. घरी आल्यावर ती तडक मागच्या खोलीत गेली आणि आपल्या कामाच्या टेबलाचे खालचे खोल खण ओढून काढले. सुटे काटे, चक्रं, पट्टे सगळं एका पिशवीत गेलं. खणांच्या तळाला भोकं पाडली, माती भरली. टेबल पट्ट्याच्या कडेला मांडलं आणि खण वर ठेवले.

"आत्याबाई, अहो, तुमचं टेबल."

"असू दे. वेळ बघायला आता लोक फोन काढतात."

बुटकी खणांत पेरली. वेलीची भाचेसुनेने आत्याच्या हुकमतीखाली जमिनीत टोचली आणि खिडकीला धरून काठ्या उभ्या केल्या. ती पैजेची नव्हती, हौसेची होती.

मग घराला ज्वर चढला. कोंब वर आले त्या सकाळी चहा गार झाला. वेलीचे शेंडे काठी शोधत कसे फिरतात ते बघायला शेजारीण भिंतीवरून डोकावू लागली. भाचाही कामावर निघताना स्कूटर पुसायच्या निमित्ताने खणांत नजर टाकून जाई. बुटकीला फुलं आली तेव्हा तो ती मोजून गेला. शेंगा मिनिटकाट्याएवढ्या झाल्या तेव्हा त्याने फरशीवाल्याला फोन करून विचारलं, "लवकर येता का?"

फरशीवाला दोन दिवस आधी आला. मोजायची फीत हातात घेऊन उभा राहिला, आणि त्याच्यासमोर आत्याने शेंगा तोडल्या. ताठ उभी, कोपर टेबलाच्या उंचीला, बोटं जुन्या सवयीने हलकी. पातेलं भरलं, वर चाळणही भरली. भाजी सगळ्यांनी खाल्ली, फरशीवाल्याने दोनदा वाढून घेतली.

भाच्याने हात धुतले आणि राखून ठेवलेला हुकमाचा पत्ता टाकला.

"मानलं तुला, आत्या. पण शेंग आली कुठे? खणांत. मग तुला जमीन हवी कशाला? टेबल उचलून गच्चीत ठेवू या. मी स्वतः उचलतो."

शहाणपणा करून आपणच आपल्या पायाखालची माती काढली, हे आत्याला आत्ता कळलं.

भाचेसून उठली आणि तिने खिडकी उघडली. वेल चौकटीच्या वरपर्यंत गेली होती, जांभळ्या कोवळ्या शेंगा लोंबत होत्या, आणि ओट्यावर जिथे रोज रणरणतं ऊन पडायचं तिथे हिरवी सावली होती.

"गेला आठवडाभर मी घाम न पुसता स्वयंपाक करतेय," ती म्हणाली. "ही वेल खणात नाही, जमिनीत आहे. फरशी घालायची तर खुशाल घाल. फक्त एवढं सांग, उद्यापासून दुपारचा स्वयंपाक तू करणार की हे फरशीवाले?"

फरशीवाल्याने फीत खिशात घातली. "मला वरण जमत नाही," तो म्हणाला.

आता कोणाला काय कितीला पडलं ते बघू. आत्याला पट्टा मिळाला आणि तिचं टेबल गेलं. पाण्याने त्याचे सांधे फुगलेत, त्यावर आता घड्याळ नाही उघडता येणार. भाचेसुनेला सावली फुकट पडली. स्कूटर रस्त्यावर उन्हातच असते. आणि वेल तर छताच्या उंचीला पोचली, शेंग वेळेवर तोडली नाही तर नवी धरायची थांबते, आणि घरात तिथवर हात पोचणारा माणूस एकच. म्हणून बस आगारात लावून आल्यावर भाचा एक दिवसाआड स्टुलावर चढतो, आणि खालून दोघी त्याला सांगतात, "डावीकडची राहिली बघ."