कोअरच्या खोक्यातली रिकामी जागा

भाऊ खोटारडा आहे, हे बहिणीला लहानपणापासून ठाऊक होतं. आता ते चारचौघांत सिद्ध करायची संधी आयती चालून आली होती आणि ती सोडण्याइतकी ती साधी नव्हती.

भाऊ कोळसा कंपनीत भूवैज्ञानिक, ती कॉलेजात तोच विषय शिकवणारी. दोघांचं बोलणं कधीच बंद झालेलं. कंपनी माळावर नवी खाण काढणार होती आणि माळाला लागूनच्या गल्लीत त्यांची दमेकरी आई राहत होती. हिशेब भावानेच मांडला होता: माळाखाली कोळशाचा जाड थर, गल्लीखाली नुसता खडक. "आईच्या उशाशी खाण आणून ठेवली मेल्याने," असं ती भेटेल त्याला सांगत सुटली होती.

सरकारने या भागातल्या बोअरची माहिती सर्वांसाठी खुली केली, तशी बहीण त्या माहितीवर तुटून पडली. बोअर मारताना जमिनीतून खडकाच्या गोल कांड्या वर काढतात, तो कोअर. काही भाग वर येता येता चुरा होऊन वाहून जातो आणि खोक्यात तेवढी जागा रिकामी राहते. माळावरच्या अशा प्रत्येक रिकाम्या जागी भावाने बिनदिक्कत कोळसा धरला होता. बोअरमध्ये यंत्र सोडून घेतलेला घनतेचा आलेख मात्र वेगळंच सांगत होता. कोळसा हलका असतो, आणि इथे तर सगळं जडच दिसत होतं.

कोअरच्या गोदामात कंपनीच्या मोठ्या साहेबांसमोर तिने खोकी उघडायला लावली आणि भावाचे वाभाडे काढले.

"जागा रिकामी दिसली की धरला कोळसा! बापाचा माल आहे का, दादा?" बाप दोघांचा एकच, हे रागात तिच्या लक्षात आलं नाही.

"पुरे कर. घरी जा," भाऊ दातओठ खात म्हणाला.

"का, झोंबलं? साहेब, नियम एकच ठेवा. कोअर नाही तिथे आलेख मानायचा. प्रत्येक बोअरला."

साहेबांना पटलं. माळावरचा निम्मा कोळसा तिथल्या तिथे उडाला. भावाचा उतरलेला चेहरा तिने डोळे भरून पाहून घेतला.

"आता गल्लीतली बोअर," साहेब म्हणाले.

ती तिने तपासलीच नव्हती. आपल्या सोयीचा आकडा कोण तपासत बसतं? खोक्यात लांबच लांब रिकामी जागा होती आणि तिथे भावाने खडक धरला होता. साहेबांनी लॅपटॉपवर आलेख उघडला. रेघ एकदम हलक्या बाजूला सरकली आणि खाली कितीतरी खोल तशीच राहिली.

"मॅडम, हा तर सगळा कोळसा!" साहेब खूश झाले. "खाण गल्लीतच काढू. घरं उठवावी लागतील, त्याला इलाज नाही."

तिच्या तोंडचं पाणी पळालं. "आलेख चुकलाही असेल, साहेब..."

"नियम तुमचाच ना?"

बाहेर आल्यावर ती भावावर धावूनच गेली. "मला सांगायला काय झालं होतं?"

"बोलत होतीस माझ्याशी? माळावर खाण झाली असती, तर धुळीला खिडक्या लावता आल्या असत्या. आता घरच जाणार."

तिला स्वतःची लाज वाटायला हवी होती. तिला त्याचाच राग आला, आणि तो काढायला जागा नव्हती.

"दादा, आईला..."

"तूच सांग," तो म्हणाला आणि गाडीत बसून त्याने दार लावून घेतलं.