मोटारीचं मूळगाव

गंगाराम तांडेलाच्या लेकीला, शेवंतीला, पहिला मुलगा झाला, ते साल अठ्ठावन्न. बारशाचे पाहुणे अजून घरातच होते आणि बांद्याहून सांगावा आला : थोरली बहीण आनंदीबाई आता दोन दिवसांची सोबती, जाण्याआधी तिला भावाला बघायचंय. आई गेल्यावर याच बहिणीने गंगारामाला वाढवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मालवणची टॅक्सी मिठबावला आणवली.

ड्रायव्हर सत्यवान पडवीत चहा पीत होता, तेवढ्यात गंगारामाने गाडीभोवती फेरी मारली. चाळीस वर्षं समुद्रात पडाव हाकलेला माणूस, तळ बघितल्याशिवाय तो कशातच बसत नसे. वाटेत तरीवरून, म्हणजे होडीवर गाडी चढवून, खाडी ओलांडायची होती, आणि गाडीच्या मागे, खालच्या अंगाला, एक भोक सताड उघडं! त्याने भोकात काथ्या ठासला, मोगरीने ठोकला, वरून राळ-तेल लिंपलं आणि हात धुऊन गाडीत जाऊन बसला. केलेल्या कामाची बढाई मारायची त्याला सवय नव्हती.

सत्यवानाने हँडल मारलं. गाडी एकदा खोकली आणि गप्प झाली. त्याने प्लग पुसले, पेट्रोलची नळी फुंकली, पुन्हा हँडल मारलं. पुन्हा तेच.

"इंजिनाक सर्दी झाली हा," गिरणीत बारा वर्षं काढून आलेला लवू म्हणाला. "मुंबयत असा झाला काय आमी ऊन पाणी घालू."

"तू थंय झाडू मारीत होतंस मां रे?" गंगारामाची बायको काशीबाई म्हणाली.

शेवटी गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालणारे हरिश्चंद्र गावकर नारळ घेऊन पुढे झाले. "गाऱ्हाणा घालूक होया. गाडयेचो मूळगाव खंयचो?"

"विलायत," सत्यवान म्हणाला.

"थंयचो गावदेव कोण?"

"माका काय म्हायत? माका पेट्रोल म्हायत!"

गावदेवाचं नाव नाही, तर गाऱ्हाणं पोचणार कुठे? यावर तासभर वाद झाला. मग गावकरांनीच तोड काढली. "बा देवा म्हाराजा! ही विलायतेची माहेरवाशीण तुझ्या पायाकडे अडाकली हा. तिच्या गावच्या देवाक तूच निरोप धाड, आणि काय अडचण आसात ती दूर कर रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज गंगारामाचा. ऊन डोक्यावर आलं होतं आणि तिकडे बहीण दाराकडे डोळे लावून पडली होती.

नारळ फुटला, गाडी हलली नाही. सत्यवान रडकुंडीला आला. "सकाळी बरी येयली. कोणी हात लायलो काय हिका?"

"कोणी नाय रे," गंगाराम म्हणाला. "एकच भोक होता, ता मी बुजवलंय."

सत्यवान धावत गाडीच्या मागे गेला. "अरे, ता धूर जावचा भोक!"

ते काढायला दोन तास लागले. गंगारामाने बुजवलेलं भोक कधी उघडलं नव्हतं. पटाशी घेऊन तो स्वतःच घामाघूम होऊन ते कोरत राहिला. अखेर सत्यवानाने हँडल मारताच उरलेला काथ्या बार उडाल्यासारखा सुटला आणि गावकरांच्या धोतरावर जाऊन आदळला.

"देव पावलो!" गावकर म्हणाले.

खाडीवरची त्या दिवसाची शेवटची तर चुकली. खाडीकाठी रात्र काढून दुसऱ्या दिवशी ते बांद्याला पोचले. आनंदीबाई उशीला टेकून पेज पीत होती.

"आता येयलंस? तुझी वाट बघता बघता मराचा रवान गेला माजा!"

गंगाराम तिच्या पायाशी बसला आणि पोरासारखा रडला.

आनंदीबाई त्यानंतर नवव्या दिवशी, मार्गशीर्षातल्या अमावास्येला पहाटे वारली. गंगाराम उशाशी होता.