डेअरीच्या फळ्यावरचा शब्द

आमच्या गावच्या दूध डेअरीत फॅटचा भाव लिहायचा काळा फळा आहे. माझे वडील, अण्णा, डेअरीचे सचिव, म्हणून खडू माझ्या हातात. नववीत गेले, भाषणात नंबर आला, आणि अंगात वारंच शिरलं म्हणा ना. भावाखाली मी रोज एक नवा शब्द अन् त्याचा अर्थ लिहायला लागले.

पहिले वाचायचे रंभाजी तात्या. म्हातारपणी, मागल्याच वर्षी साक्षरता वर्गात अक्षरं शिकलेले. किटली खाली ठेवायची, हवेत बोट फिरवत शब्द जुळवायचा आणि दुसऱ्या दिवशी तो वापरून दाखवायचा, हा त्यांचा नेम. 'कृतज्ञ' लिहिला, तर माप घेणाऱ्या गोरक्षला म्हणाले, फॅट नीट लाव, कृतज्ञ राहीन. सगळी डेअरी हसली.

मग त्यांची गाय आटली. दूध नसताना डेअरीवर यायला आमच्याकडं कुणालाच जमत नाही. लोक लगेच विचारतात, काय काम काढलं? मी घरी बोलवायला गेले, तर म्हणाले, गाय व्याली की येतो, तवर शब्द साठवून ठेव.

तेवढ्यात कॉलेजात जाणारा ओंकारदादा म्हणाला, इंग्रजी लिही की, दहावीच्या पोरांना तेच लागतं. मला इतकं पटलं! अर्थसुद्धा इंग्रजीतच लिहायला लागले. फळ्यापुढं पोरांची गर्दी व्हायची आणि मी हवेत.

काल तात्या आले. एका हातात किटली, दुसऱ्या हातात माझ्यासाठी खरवसाचा डबा. त्यांनी बोट उचललं आणि ते तसंच राहिलं.

"वरची रेघच दिसंना, पोरी," ते म्हणाले. "दोन महिन्यात समदं इसरलो बघ."

मी सांगितलं, तात्या, ते इंग्रजी आहे, तुम्ही काहीच विसरला नाहीत. त्यांना वाटलं, मी समजूत काढतेय. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि गेले.

आज सकाळी सगळं पुसून मी टपोऱ्या अक्षरात 'खरवस' लिहिलं. तात्या आले, दूध घातलं, गोरक्षशी वासराचं बोलले. फळ्याकडं पाठच.

"तात्या, आज मराठी आहे. वाचा ना."

"तूच वाच," ते म्हणाले. "मी ऐकतो."

मी वाचलं.

"व्हय का," ते हसले, किटली उचलली. "ग्वाड झालता ना?"